पुढचं घरी वाचून घ्या

दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला तिसरा, म्हणजे प्रजननाचा धडा कसा शिकवावा, या काळजीनं ज्यांची झोप उडाली असेल त्या तमाम गुरुजनांनी आता निर्धास्त झोपावं. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेनं तोडगा काढलाय. परवा भाचीचं पुस्तक चाळायला घेतलं, तर मधली पानं उघडेचनात. वर, खाली आणि मध्ये, तीन पिना. सगळ्या वर्गाच्या पुस्तकांना मारल्यात म्हणे. बाईंनी फुलातले पुंकेसर-स्त्रीकेसर फळ्यावर रंगीत खडूनं काढून शिकवले, माणसापाशी आल्या आणि म्हणाल्या, "पुढचं घरी वाचून घ्या."

तर उपाय पहिला: पिना. एका डबीत अख्खी शाळा सुसंस्कृत होते.

उपाय दुसरा: पोरांना मैदानावर पिटाळा. पोरींना दार लावून "जपून राहा" सांगा. कशापासून, ते सांगू नका.

तिसरा: घरी विचारलंच, तर "मोठी झालीस की कळेल" म्हणा आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल तिच्या हातात द्या. मोबाईल सगळं सांगतो.

चौथा उपाय रामबाण. कुणी फार तोंड वर करून बोललं, की संस्कृती काढा. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं; त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले. आपण मराठवाड्याचे, तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, म्हणून आपले हात स्वच्छ. पण 1934 मध्ये कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं होतं? बाबासाहेबांनी. ज्यांचं नाव विद्यापीठाला द्यायचं म्हटल्यावर इथं 16 वर्षं काय काय झालं, ते मी सांगायला नको. जयंतीच्या भाषणात मात्र हा खटला कुणी काढत नाही. पुढं केंद्रानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, तर 2007 मध्ये आपल्या राज्यानं तो बंद पाडला. आणखीही राज्यांनी पाडला. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही सांगितलं, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

मग बसतं काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांमागे 48 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. बीडही चाळिशीच्या पुढं. हे बसतं! दसऱ्याच्या आत पोरीचे हात पिवळे करायचे, म्हणजे ऊसतोडीचा कोयता (नवरा-बायकोची जोडी) पुरा होतो, मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते आणि जोडी कारखान्यावर जाते. दहावीचं दप्तर खुंटीला. तिला धडा वाचून दाखवला की संस्कृती बुडते, आणि तिला पोटुशी करून उसाच्या फडात उभी केली की तरते?

अहो बाई, अहो सर, त्या लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेत तुम्हीच बसलेले असता. फेटा बांधून घेता. पोरीचं वय तुम्हाला ठाऊक असतं, हजेरीपट तुमच्याच कपाटात असतो. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर शाळेच्या भिंतीवर तुम्हीच रंगवून घेतलाय. तेव्हा अक्षता टाकताना लाज वाटत नाही आणि गर्भाशयाची आकृती काढताना वाटते? वाटत असेल तर फळ्याकडे तोंड करून शिकवा. पण शिकवा. पगार त्या धड्याचाही घेता.