रेल्वेपासून कोल्हापूर वाचवायचे उपाय

पुणे-बेंगळुरू हायवेच्या दुभाजकातून कोल्हापूरची लोकल न्यावी, असे म्हणणारा एखादा शहाणा तुम्हाला कट्ट्यावर भेटणारच. घाबरू नका. कोल्हापूरला आजवर ज्या शिताफीने रेल्वेपासून वाचवले, तीच पुढे चालवायची आहे.

आधी त्याला बोलू द्या. शिरोली एमआयडीसी, तावडे हॉटेल, उजळाईवाडीचा विमानतळ, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळी गर्दी एकाच रस्त्याला लागून आहे, असे तो सांगेल. जागा सरकारचीच, संपादनाची भानगड नाही, असेही म्हणेल. इथे त्याला तोडा. 'दुभाजक चार-पाच मीटरचा, डबा सव्वातीन मीटरचा. दुसरा रूळ काय तुझ्या परड्यात घालायचा?' प्रश्न बिनतोड आहे, म्हणून लगेच चहा मागवा. नाहीतर तो दिल्ली-मेरठ जलद रेल्वेचा विषय काढील. तिथे बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या मधोमध खांब उभे करून गाडी वरून नेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्येही 2007 पासून फ्रीवेच्या मधल्या पट्ट्यातून मँडुराला रेल्वे जाते. यावर 'ते परदेशात चालतं' एवढेच बोला. मेरठ परदेशात नाही, हे लक्षात यायला त्याला वेळ लागतो.

मग मधोमधच्या स्टेशनवर म्हातारी माणसे पोचणार कशी, असे विचारा. आक्षेप खरा आहे. पादचारी पूल, लिफ्ट, खाली केएमटी बसचा थांबा हे आधी आखले नाही, तर असले स्टेशन ओसच पडणार. पण 'मग आखा की' असे चुकूनही म्हणू नका. तरीही तो हटला नाही, तर दुभाजकातल्या कण्हेरीला पुढे करा. पर्यावरणापुढे कोण बोलणार?

हायवेचे सहापदरीकरण सुरू असतानाच खांबांपुरती जागा राखून ठेवा, अशी मागणी आज केली तर ती स्वस्तात पडेल. म्हणून ती रस्ता पुरा झाल्यावर करा.

दुभाजकाचे हे झाले. त्याहून मोठा धोका मिरजेच्या रुळांत आहे. 1888 साली शाहू महाराजांनी वयाच्या चौदाव्या वर्षी या कोल्हापूर-मिरज मार्गाची पायाभरणी केली आणि 1891 साली गाडी धावलीसुद्धा. संस्थानी कारभार, घाई फार. आपण लोकशाहीत आहोत. कोकणात उतरणारा कोल्हापूर-वैभववाडी मार्ग 2016 च्या अर्थसंकल्पात आला आणि अजून कागदावर सुखरूप आहे. आता उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमुळे सहा जिल्ह्यांचे पक्षकार इथे येतात. त्यांतल्या सिंधुदुर्गच्या माणसाला घाटातली वळणे मोजत येऊ द्या. तारीखच पडणार असेल तर लवकर पोचून करायचे काय?

मिरजेपर्यंतचे मात्र सगळे तयार आहे. रूळ आहेत, विजेच्या तारा आहेत, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर ही स्टेशने आहेत. मार्ग एकेरी आहे, तेवढे दुहेरीकरण झाले की दर अर्ध्या तासाला लोकल सोडायला फारसे काही उरत नाही. म्हणून लोकांचे लक्ष तिकडे जाऊ देऊ नका. वंदे भारतचे बोला. ती 2024 साली पुण्याला सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. 'रोज का नाही?' हा विषय वर्षानुवर्षे पुरतो. हातकणंगल्याचा कामगार वंदे भारतने कामावर जात नाही, हा फुटकळ मुद्दा आहे.

त्याची सोय वडापने, म्हणजे प्रवासी भरून धावणाऱ्या खासगी गाड्यांनी, केलेलीच आहे. ड्रायव्हर 'सांगली, सांगली' ओरडतो, पुढच्या सीटवर आणखी एकाला घेतो आणि गिअर टाकायच्या आधी अदबीने म्हणतो, 'पाव्हणं, गुडघा.' पाव्हणे गुडघा उचलतात, गिअर पडतो, गाडी सुटते. इतका आपलेपणा कुठल्या लोकलमध्ये मिळेल?

जुन्या मार्गांचे काय करावे, ते सांगलीकडून शिका. गावातले मीटरगेजचे स्टेशन गेले, नवे दुसरीकडे आले, पण चौक अजून स्टेशन चौकच. तिथे गाडीची वाट पाहायची कटकट नाही, सभा मात्र सगळ्या पक्षांच्या होतात. रुळांचा जुना पट्टा दिसला की तिथे आधी एक टपरी बसू द्या. पुढचे आपोआप होते.

आणि कधी रेल्वे अधिकाऱ्यांच्या बैठकीचे बोलावणे आलेच, तर अवश्य जा. हार न्या, निवेदन न्या. निवेदनात एकच मागणी कधीही ठेवू नका, चांगल्या वीस-बावीस ठेवा: वाराणसी, अहमदाबाद, जमल्यास जम्मू. लोकल घालायचीच असेल तर शेवटून दुसरी घाला. शेवटच्या ओळीत स्वच्छतागृहाची मागणी येते आणि ती एखादा साहेब चुकून वाचतो.