पंधरा वर्षांची गाडी आणि पासिंगची भीती

आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, कापूस भावाच्या ग्रुपवर आला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही आला. थोडक्यात असा: १५ वर्षं झालेल्या सगळ्या गाड्या सरकार भंगारात काढणार. तोवर दरवर्षी फिटनेस, म्हणजे आरटीओचं पासिंग, करावी लागणार. मारुती ८००, ओम्नी, सुमो, जुनी बोलेरो या गाड्या धुराच्या नव्या नियमात बसत नाहीत, शंभरातली एखादीच पास होते. पार्ट मिळत नाहीत, विमा मिळत नाही, म्हणून आताच विकून मोकळे व्हा. खाली हात जोडलेले, ‘जनहितार्थ’.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्या रस्त्यावर राहिल्या तर माझं पोट भरतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या. पण हा मजकूर वाचून लोक चालत्या गाड्या मातीमोल भावात द्यायला निघालेत, आणि घेणारे त्या कापत नाहीत. टायर बदलतात, पॉलिश मारतात आणि पुढच्या तालुक्यात विकतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘१५ वर्षं झाली की भंगार’

तीन वेगवेगळ्या गोष्टींची ही खिचडी आहे. पहिली गोष्ट दिल्लीची. तिथे हवेच्या प्रदूषणामुळे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ती दिल्ली आणि लगतच्या राजधानी क्षेत्रापुरती होती. यवतमाळ, वाशीम, अमरावती त्यात कुठेच नाही. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निव्वळ वयावरून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं, ते मात्र कोणी फॉरवर्ड केलं नाही. (धुराच्या जुन्या मानकांच्या गाड्यांची ही सूट डिसेंबर २०२५ मध्ये काढून घेतली, पण तीही दिल्लीकडेच.)

दुसरी गोष्ट सरकारी गाड्यांची. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. पंचायत समितीच्या आवारातली जीप गेली ती यामुळे. लोकांनी ती जाताना पाहिली आणि आता आपली पाळी असं धरून चालले.

तिसरी, २०२१ चं वाहन मोडीत काढण्याचं धोरण. ते आपल्या नागपूरच्याच गडकरींच्या खात्याचं, आणि त्याच्या नावातच ‘ऐच्छिक’ हा शब्द आहे. जुनी गाडी स्वतःहून नोंदणीकृत केंद्रात दिली तर नवीन गाडी घेताना करात सवलत मिळते. तुमच्या अंगणातली गाडी कोणी उचलून नेणार नाही.

खासगी गाडीचा कायदा तर १९८८ पासूनचा आहे. नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग तपासणी करून पुढची ५ वर्षं मिळतात, मग परत ५. किती वेळा, याला वयाची मर्यादा घातलेली नाही.

‘दरवर्षी फिटनेस’

हे खरं आहे, पण काळीपिवळी, छोटा हत्ती, ट्रक यांच्यासाठी. प्रवासी किंवा माल भाड्याने वाहणाऱ्या गाडीला पहिली ८ वर्षं दोन-दोन वर्षांचं फिटनेस सर्टिफिकेट मिळतं आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. तुमची घरची ८०० पांढऱ्या पाटीची असेल तर १५ वर्षांनंतर पाच वर्षांतून एकदा. बस.

यावरून एक गंमत सुचते. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा तपासणीतून जाणारी गाडी म्हणजे जुनी काळीपिवळी. आत आठ, मागे लटकलेले तीन आणि टपावर कोंबड्यांची टोपली घेऊन ती वर्षानुवर्षं पास होत आलेली आहे. आता ती पासिंगच्या दिवशी जशी असते तशी इतर दिवशी असते का, हा वेगळा विषय. पण जुनं मॉडेल पासच होत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा स्टँडवर जाऊन उभं राहावं.

‘धुराच्या नव्या नियमात बसत नाही’

हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची, मर्यादा आजच्या गाडीची लावत नाहीत, तुमची गाडी ज्या काळच्या मानकाची आहे त्या काळची लावतात. या मानकांना भारत स्टेज म्हणतात, आकडा वाढतो तसा नियम कडक. भारत स्टेज दोनच्या आधीची पेट्रोल चारचाकी असेल तर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतं आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग). भारत स्टेज दोन आणि तीनच्या गाडीला हेच आकडे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. चारच्या गाडीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. आता हिशोब करा. आपल्याकडे २००५ ते २०१० मध्ये विकली गेलेली ८०० भारत स्टेज दोनची. तिला आजच्या नव्या गाडीच्या पट्टीने मोजतच नाहीत. त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला तर मिश्रणाचा स्क्रू नीट बसवला तरी ३ टक्क्यांच्या आत यायला जड जात नाही. डिझेलचंही तसंच: भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीला धुराची घनता ६५ हार्ट्रिजपर्यंत (हे धुराचा काळेपणा मोजायचं एकक) चालते, चारच्या गाडीला ५०.

मग गाड्या पीयूसीत अडकतात कशाने? माझ्याकडे येतात त्यांचं एअर फिल्टर उघडलं की कळतं. जिनिंगच्या आवारात हंगामभर उभी राहणारी गाडी असेल तर फिल्टरवर रुईचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसलेला असतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, कार्बन मोनॉक्साइड वर. डिझेलमध्ये तोच फिल्टर आणि त्याच्या जोडीला नोझल. नोझल फवारा मारायच्या ऐवजी पिचकारी मारतं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे काळा ढग. आणि तिसरं कारण अगदीच साधं: लोक घराशेजारच्या पीयूसीवाल्याकडे थंड इंजिनने जातात. आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवा, मग नळी लावू द्या.

एक फरक मात्र आहे. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीचं पीयूसी सहाच महिने चालतं, पुढच्यांचं वर्षभर. कटकट आहे, पण यात नापास होण्यासारखं काही नाही.

‘शंभरातली एखादीच पास होते’

हे कुठून मोजलं? ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते आणि तिचे निकाल सरकार खुले करतं, त्यामुळे कुठलं मॉडेल कितीदा नापास झालं हे तिथे कोणीही काढू शकतं. जर्मनीत ट्यूव्ह या संस्थेचा मॉडेलनिहाय अहवाल दरवर्षी निघतो. आपल्या फॉरवर्डमागे असलं काही नाही. त्या अहवालांतून एवढं मात्र दिसतं की वय वाढतं तसे दोष वाढतात, आणि हे मान्य करायलाच हवं. जुनी गाडी नव्या गाडीइतकी निर्धोकपणे पास होत नाही. (ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटीच माफ आहे. कारण एवढी टिकलेली गाडी कोणीतरी जिवापाड सांभाळलेली असते.)

पण जुनी गाडी कुठे नापास होते ते बघा. इंजिनमध्ये नव्हे. ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन हे त्या गाडीतलं सगळ्यात कमी त्रास देणारं अंग आहे. अडतं ते मागच्या ब्रेकला, हॅन्डब्रेकला, हेडलाइटला आणि स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडला, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या सांध्याला.

परवा एक काका २०१० ची ८०० घेऊन आले. “भाऊ, फिटनेसले न्यायची हाय. इंजन एकदम टकाटक हाय, फक्त पाहून घ्या.” हॅन्डब्रेक ओढला तर तो तसाच वर आला, ढिल्ला. विचारलं तर म्हणाले, “तो त मी लावतच नाही. गिअरमंदी टाकतो अन् चाकाले दगड लावतो.” डिकीत तो दगड होताही, चांगला घासून गुळगुळीत झालेला. मागचे ड्रम उघडले. आत वाळलेली काळी माती, एका बाजूचं व्हील सिलिंडर गळतंय, शूज तेलकट, दुसऱ्या बाजूचे शूज जाम. म्हणजे मागे ब्रेक एकाच चाकाला लागत होता, तोही मन झालं तर. ब्रेक तपासायच्या रोलरवर चढवली असती तर डाव्या-उजव्याच्या फरकानेच गाडी बाद. हे सगळं केबल, सिलिंडरचं किट आणि शूज बदलून अर्ध्या दिवसाचं काम. गाडी पास झाली. दगड त्यांनी टाकून दिला नाही, डिकीतच ठेवला.

आमच्या मातीचा यात मोठा वाटा आहे. पावसाळ्यात वावराच्या रस्त्याने गेलेल्या गाडीच्या मडगार्डात आणि ड्रममध्ये काळा चिखल बसतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि आतून पत्रा खातो. उन्हाळ्यात उलटं: ४४-४५ अंशांत उभ्या गाडीचे रबरी बुश, वायपर, होस पाइप तडकतात, हेडलाइटचं आतलं रिफ्लेक्टर पिवळं पडतं. बल्ब कितीही भारी टाका, उजेड पडत नाही. आणि हंगामात गाडी कापसाच्या ढिगाशेजारी उभी असेल तर उंदीर वायरिंग कुरतडतो. ब्रेकलाइट का लागत नाही याचं उत्तर बऱ्याचदा उंदीर हेच असतं.

याशिवाय एक जात अशी आहे जिला मी हात लावत नाही, आधी कागद आणा म्हणतो. ओम्नीला बसवलेलं गॅस किट आरसीत चढवलेलं नाही. इंजिन बदललं पण नंबर जुनाच लिहिलेला. रंग पांढऱ्याचा लाल केला आणि कळवलं नाही. चेसिस नंबर गंजून वाचता येत नाही. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी आणि एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरपाटी, बसवलेली नाही. अशी गाडी बाकी कितीही चांगली असली तरी अडेल.

‘पार्ट नाहीत, विमा नाही’

८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. पार्ट अजून तालुक्याच्या दुकानात मिळतात, कारण बरेचसे ओम्नी आणि अल्टोशी जुळतात. सुमोच्या काही बॉडी पार्टसाठी मात्र अमरावती-नागपूरला चकरा माराव्या लागतात, ते खरं.

विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या सीसीवर ठरतो. १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला जून २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला २,०९४ रुपये, अधिक जीएसटी. त्यात वयाचा रकाना नाही. पूर्ण विमा द्यायला कंपन्या कां-कूं करतात, पण पासिंगला थर्ड पार्टी पुरतो.

जे लिहायला हवं होतं ते

खरा फटका फीचा आहे, आणि त्याबद्दल त्या मजकुरात अक्षर नाही. चारचाकीची १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी पूर्वी ६०० रुपयांत व्हायची, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या चारचाकीला १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर महिन्याला ५०० रुपये जादा. भीतीने गाडी झाकून ठेवणाऱ्यांचं खरं नुकसान इथे होतं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तुमची तारीख जुलैमध्ये येत असेल तर मिरगाच्या आधीच उरकून घ्या. चिखलात गेलेली गाडी परत उघडायला मला आवडतं, पण पैसे तुमचे जातात.

एजंट लावायचा की नाही हे तुमचं तुम्ही बघा. ऑनलाइन अर्ज, अपॉइंटमेंट, जिल्ह्याची फेरी यात तो वेळ वाचवतो. हॅन्डब्रेकची केबल तो बदलून देत नाही.

आणि काही गाड्या खरंच सोडून द्यायच्या असतात. पायाखालचा पत्रा सडून रस्ता दिसतोय, अपघातात चेसिस वाकलंय, अशा गाडीवर वीस-पंचवीस हजार घालू नका. पण ती रस्त्यावरच्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. नोंदणीकृत मोडतोड केंद्रात द्या, त्यांच्याकडून जमा केल्याचं सर्टिफिकेट घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी कापली जाते, नंबर तुमच्याच नावावर राहतो, आणि वर्षभराने कुठल्या तरी टोल नाक्यावरच्या दुसऱ्याच गाडीचं चलान तुमच्या मोबाइलवर येतं.