हातात नकाशा असताना फलक कशाला? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही स्वतः रस्त्याच्या साइटवर काम केलंय, त्यामुळे तुमच्या रागाला आधार आहे. म्हणून चार ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं: मोबाइल नकाशा दाखवत असताना, रस्ता बंद केल्यावर लावायच्या पर्यायी मार्गाच्या फलकांचं एवढं कौतुक कशाला, लावलेले फलक रात्रीत भंगारात जातात, लोक बॅरिकेड सरकवून घुसतातच, आणि तो पैसा काम लवकर संपवण्यावर घालवा.

बॅरिकेडपासून सुरुवात करतो. लोक सरकवतात ते खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलेलं बॅरिकेड. तिथवर आलेल्या माणसाच्या मागे टेम्पो चिकटलेला असतो, गाडी वळवायला जागा नसते आणि मागचा फाटा कधीच गेलेला असतो. तो घुसणारच. 'पुढे रस्ता बंद' हे त्याला त्या फाट्याच्या अलीकडे कळायला हवं होतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-५५ या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे चार टप्पे सांगितलेत: आधी सूचना, मग वाहनं वळवणं, मग प्रत्यक्ष काम, मग रस्ता पूर्ववत. आपल्याकडे दिसतात मधले दोन, तेही झाडाची फांदी आणि लाल चिंधी या रूपात. वळवलेल्या रस्त्यावर दोन तिठे गेले की पुढचा बाण गायब, आणि उरलेली वाहतूक पानटपरीवाला सांभाळतो. पगाराविना.

आता मोबाइल. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री थेट पाण्यात गेली. ॲपने दाखवलेला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे वाचले, चालक बुडाला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाहेरून आलेल्याला ते सांगणार कोण? नकाशाला कोणीतरी कळवल्याशिवाय कळत नाही, आणि कळवायचं काम कोणाचं हे कुठे लिहिलेलं नसतं. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये असंच झालं. पुराने तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळली, तिघे गेले. त्यानंतर गुन्हा नोंदवला गेला त्यात सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंतेही होते.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. फलक लावणारं खातं त्यातून म्हणत असतं की हा रस्ता आम्ही पाहिलाय, तुमची गाडी इथून जाईल. नकाशा असं काही म्हणत नाही. पर्यायी रस्त्यावरची मोरी बावीस टनांचा ट्रक पेलेल का, रेल्वेच्या पुलाखालून उंच कंटेनर जाईल का, हे आपल्या खिशातलं ॲप सहसा विचारतही नाही.

'काम लवकर संपवा' याला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. मधल्या काळात माणसांनी पूर्व-पश्चिम जायचं कसं? पोलिसांनी पर्यायी मार्ग जाहीर केले, त्यात अंधेरी सबवेही होता. तो सबवे जोराच्या पावसात भरतो हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणजे पर्यायी मार्गालाही पर्याय लागतो, आणि तिथे एकदा ठोकून दिलेला फलक पुरत नाही, पाणी चढलं की तो बदलणारा माणूस लागतो. तो खर्च मी वायफळ मानत नाही.

चोरीचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. लोखंडी पत्रा आणि अँगल म्हणजे रात्रपाळीवाल्यांना आयतंच निमंत्रण. यावर इंग्लंडमधली एक पद्धत मला आवडते. तिथल्या मोठ्या रस्त्यांवर कायमच्या दिशाफलकांवरच पिवळ्या पट्टीत छोटी काळी खूण असते: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ किंवा शंकरपाळ्यासारखा आकार. रस्ता बंद झाला की एकच फलक सांगतो, 'वर्तुळाच्या मागे जा'. पुढच्या सगळ्या खुणा आधीपासून जागेवर असतात. चोरायला वेगळं काही उरत नाही. शिवाय आपल्या घाटात तमिळनाडूचा ट्रकवाला आला तर त्याला 'भारी वाहनांनी फोंडा मार्गे जावे' हे देवनागरीतलं वाक्य काय कामाचं? वर्तुळ कोणालाही वाचता येतं. पावसाळ्यात दरड कोसळून दरवर्षी बंद पडणाऱ्या घाटांना तरी हे सहज करता येईल. कुठला घाट बंद पडणार हे जून उजाडायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं.

हो, आणि वाहतूकबंदी एक महिन्यापर्यंतचीच असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. ही प्रसिद्धी म्हणजे बहुतेक वेळा स्थानिक पेपरात आतल्या पानावर एक चौकट. सोलापुराहून रात्री निघालेल्याने ती कधी वाचायची?

तुम्हाला एक विचारायचं आहे, कारण हे साइटवरचाच माणूस सांगू शकेल. तुमच्या कामांच्या बिलात फलक, बॅरिकेड आणि झेंडीवाल्याची मजुरी वेगळी धरलेली असायची, की ती ठेकेदाराने आपल्या दरातच भागवायची? दुसरं असेल, तर फांदी आणि चिंधी का दिसते याचं निम्मं उत्तर तुमच्याकडेच आहे, आणि ते तुम्ही इथे लिहावं अशी विनंती.