दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: कॅटालिनाचा पाण्याचा बेस

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे, पण बाकीच्यांना वाटायला नको की आम्ही कसलाही माल गळ्यात मारतो म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की कॅटालिना या फ्लाइंग बोटीच्या (पाण्यावर उतरणारं विमान) १/७२ मॉडेलच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलच्या, बेसवर पाणी सपाट आहे, दोन फालतू खड्डे पडलेत, विमान एका बाजूला कलतं, हलभोवती (विमानाच्या बोटीसारख्या तळाभोवती) फट दिसते आणि बेस कपाटात मावत नाही.

आधी लाटांचं. ऑर्डरमध्ये तुम्हीच लिहिलंय, 'नांगरलेलं, इंजिन बंद'. आता या स्केलला २ सेंटिमीटरची लाट म्हणजे खऱ्यात जवळजवळ दीड मीटर, एवढ्या खवळलेल्या पाण्यात फ्लाइंग बोट कोण उभी करून ठेवेल सांगा? तिरप्या उजेडात बघा ना एकदा, रेझिनवर (पाणी दाखवायला ओततात ते, नंतर घट्ट होणारं) जेल लावून ब्रशने ठोकून ठोकून २-३ मिलिमीटरची लहर काढलीये, म्हणजे खऱ्यात साधारण वीतभर, आणि खरं सांगू का, मोठ्या लाटा काढणं याच्यापेक्षा सोपं असतं.

आणि ते 'फालतू' खड्डे पंखांखालच्या फ्लोटचे (पाण्यावर विमान कलू न देणारे छोटे तरंगते भाग) आहेत हो! कॅटालिनाचे फ्लोट हवेत गेल्यावर वर दुमडतात आणि पंखाचं टोक बनतात, पाण्यावर मात्र ते खालीच हवेत. तुमच्या फोटोत दोन्ही वर चिकटवलेत, मग विमान कलणार नाही तर काय, खरं विमानही तसंच कललं असतं. बेस मोठा का तेही यातच आलं, पंखांचा पसारा ३१.७ मीटर, म्हणजे मॉडेलचा ४४ सेंटिमीटर, आणि फ्लोट पार टोकाला, त्यामुळे बेस ५० चा करावाच लागतो, मापं कन्फर्म करतानाच कळवली होती.

फट मुद्दाम ठेवलीये. रेझिन सेट होताना तापतं, मॉडेल आत ठेवून ओतलं तर किटचं प्लॅस्टिक वाकू शकतं. बॉक्समध्ये क्लिअर जेलची छोटी डबी आहे (बहुतेक उघडली नाहीये तुम्ही), ती काडीने हलच्या कडेकडेने भरा, आधी पांढरं दिसेल, घाबरू नका, सुकलं की पारदर्शक होतं.

फ्लोट सोडवून खाली लावायला जमत नसेल तर बेस परत पाठवा, त्याऐवजी उडतं विमान दाखवायचा रॉडवाला स्टँड देतो, त्यात फ्लोट वरच लागतात.