आलेख सपाट केला म्हणजे मास्टरिंग होत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातला दावा थोडक्यात असा: मास्टरिंगला (गाणं प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण मिक्सवर होणारं शेवटचं काम) तयार कान लागत नाहीत. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे याचा आलेख दाखवणारं साधन) लावा, इक्यूनं (ठरावीक फ्रिक्वेन्सी वर-खाली करणाऱ्या साधनानं) आलेख सपाट करा, 40 हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, खटकणाऱ्या जागा हुडकून खोल कापा, आणि तरीही नाही जमलं तर हिट गाण्याशी मॅच इक्यू (त्या गाण्याचा आलेख आपोआप आपल्या गाण्यावर उतरवणं) करून टाका. माझ्या भाच्यानं हे शब्दशः पाळलं आणि चांगलं मिक्स ऐकवेना असं करून ठेवलं. म्हणून एकेका मुद्द्याचा समाचार घेतो.

सगळ्यांत घातक सल्ला सपाट आलेखाचा. आलेख कसा दिसतो हे गाण्याइतकंच अ‍ॅनालायझरच्या स्लोपवरही, म्हणजे आलेख दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की एक ऑक्टेव्ह) किती डेसिबल तिरपा करून दाखवायचा या सेटिंगवरही, ठरतं. स्लोप 0 असेल तर व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखी ऊर्जा असलेला खरखराट) सपाट दिसतो आणि पिंक नॉइज (दर ऑक्टेव्हमध्ये सारखी ऊर्जा असलेला) दर ऑक्टेव्हला 3 डेसिबलनं उतरतो. स्लोप 3 केला की पिंक सपाट आणि व्हाइट चढता. व्हॉक्सेंगो स्पॅन हा अ‍ॅनालायझर तर उघडतानाच 4.5 चा स्लोप लावून येतो. आवाज तोच, रेष वेगळी. मग यातलं नेमकं काय सपाट करायचं? मेसेजमध्ये स्लोपचं नावही नाही.

बरं, खरी गाणी कशी असतात? पेद्रो पेस्ताना आणि सहकाऱ्यांनी 1950 ते 2010 या काळातल्या, ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यांचा सरासरी स्पेक्ट्रम काढला आणि 2013 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडला. 100 ते 4000 हर्ट्झमध्ये उतार दर ऑक्टेव्हला साधारण 5 डेसिबल, त्यापुढे आणखी तीव्र. आता हिशोब करा. 100 ते 4000 म्हणजे सव्वापाच ऑक्टेव्ह. स्लोप 0 ठेवून हे सपाट करायचं तर 100 हर्ट्झच्या तुलनेत 4000 हर्ट्झ तब्बल 26 डेसिबलनं उचलावं लागेल! गायकाचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात घुसतो, हायहॅट गाण्यावर स्वार होतो, लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं साधन) किक ड्रमऐवजी या ‘स’वर दबतो आणि त्यासोबत अख्खं गाणं खाली-वर होतं.

स्लोप 4.5 ठेवला तरी सल्ला चुकीचाच. फक्त गिटार आणि गळा असलेल्या गाण्यात 50 हर्ट्झला खड्डा दिसणारच, तिथे वाजवणारं कोणी नाही. तो खड्डा भरायला गेलात तर माइकच्या स्टँडचे धक्के, पंख्याची घरघर आणि विजेच्या मेन्सची हम तेवढी वर येते.

40 हर्ट्झवर सरसकट कात्री? बास गिटारची सर्वांत खालची तार 41.2 हर्ट्झची, पाच तारांच्या बासची 30.9 ची. 40 वर दर ऑक्टेव्हला 24 डेसिबल कापणारा फिल्टर लावला की ही पाचवी तार 9 डेसिबलहून जास्त खाली जाते. शिवाय तीव्र फिल्टर फेज (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींच्या लहरींची वेळेची जुळणी) फिरवतो, त्यामुळे खालची ऊर्जा काढूनही कधी कधी पीक मीटर उलट वर चढतो. फेज न फिरवणारा लिनिअर फेज फिल्टर लावला तर किकच्या ठोक्याआधीच अस्पष्ट फुगवटा ऐकू येऊ शकतो. मिक्समध्ये खरोखर घरघर असेल तर 20-25 हर्ट्झवर 12 डेसिबलचा साधा फिल्टर पुरतो. नसेल तर काहीच लावू नका.

अरुंद बँड 12 डेसिबल वर उचलून फिरवत न्यायचा आणि वाईट वाटेल तिथे कापायचं, हेही बंद करा. इतकं उचलल्यावर कुठलीही जागा वाईटच वाटते. आधी काही न उचलता काय टोचतंय ते ऐका, मगच जागा शोधा.

मॅच इक्यूबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. खूप स्मूदिंग (आलेखातले बारीक चढउतार पुसणं) ठेवून, परिणाम 20-30 टक्क्यांवर आणून, आपलं गाणं संदर्भाच्या मानानं एकूण अंधारलेलं आहे की चरचरीत, एवढं त्यातून कळतं. पण स्मूदिंगशिवाय ते त्या गाण्याची पट्टी आणि किकचा सूर तुमच्या गाण्यावर लादतं. त्यांची किक 60 हर्ट्झला, तुमची 50 ला, तर तुमच्या किकच्याच जागी खड्डा पडतो.

अ‍ॅनालायझर जरूर वापरा, पण छोट्या स्पीकरवर न ऐकू येणारं तपासायला: 40 च्या खालची घरघर, 50, 100, 150 हर्ट्झवर हमचे सुळके, किंवा 16 किलोहर्ट्झला सरळ तुटलेली रेष. अशी रेष दिसली तर मिक्स म्हणून कुणीतरी एमपी3 पाठवली असण्याची शक्यता मोठी. ब्लॉक साइझ (एका वेळी मोजायच्या सॅम्पल्सची संख्या) 8192 तरी ठेवा. 44.1 किलोहर्ट्झच्या फाइलला 2048 वर प्रत्येक खाना 21.5 हर्ट्झचा होतो आणि बासचे शेजारचे सूर एकाच ढिगाऱ्यात दिसतात. आणि इक्यू चालू-बंद करून तुलना करताना दोन्हीकडची लाउडनेस आधी सारखी करा, नाहीतर अर्ध्या डेसिबलनं मोठं झालेलं गाणंच चांगलं वाटत राहील.