करडी खार ‘लांब नेऊन सोडा’? अजिबात नको

ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. शीर्षक, ‘इंग्रज आता खारींचाही रंग बघतात’. म्हणणं असं, की लाल आणि करडी खार एकच, गावोगावचे स्वयंसेवक नुसत्या रंगावरून करड्या मारतात, रोगाची भानगड ही थाप आहे, आणि दयाळू माणसानं करडी पकडून दहा मैलांवरच्या रानात सोडावी, लालसाठी वाटीभर शेंगदाणे ठेवावेत. शेवटी अर्थातच ‘आपणही खारीचा वाटा उचलू या’. कंब्रियात मुलाकडे आलेल्या मावशीनं हे वाचून पिंजरा कुठे मिळेल असं विचारलं, तेव्हा गप्प बसवेना. इंग्लंडात इथली मूळची लाल खार तग धरून आहे अशा मोजक्या भागांपैकी कंब्रिया एक.

रंगाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. या दोन वेगळ्या जाती आहेत, त्यांच्यात संकर होत नाही. आणि रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल, कारण हिवाळ्यात लाल खार करडट दिसते आणि उन्हाळ्यात करडीच्या अंगावर तांबूस झाक येते. करडीच्या शेपटीची पांढरी कड बघायची, हिवाळ्यात लालच्या कानांवरचे झुपके बघायचे, अंगकाठी बघायची: लाल ३०० ग्रॅमच्या आसपास, करडी जवळजवळ दुप्पट.

आता तो ‘लांब सोडा’वाला सल्ला. इंग्लंड-वेल्समध्ये पकडलेली करडी खार पुन्हा सोडणं २०१९ च्या आदेशानुसार गुन्हा आहे, मग ती दहा मैलांवर सोडा नाहीतर त्याच झाडाखाली. स्कॉटलंडमध्येही मोकळीक नाही. कायदा बाजूला ठेवला तरी करडी ब्रिटनभर पसरली ती अशीच. १८७६ मध्ये चेशरच्या हेन्बरी पार्कात उत्तर अमेरिकेतून आणलेल्या खारी सोडल्या, मग हौशी जमीनदारांनी त्या एकमेकांच्या बागांत नेल्या. आज करड्या अंदाजे २७ लाख, लाल तीन लाखांच्या आत, आणि त्यातल्या इंग्लंडात जेमतेम ३९ हजार. दयाळूपणे गाडीत घालून नेलेली एक करडी लाल खारींच्या रानात उतरली, की तिच्याबरोबर स्क्विरलपॉक्स हा रोगही उतरू शकतो.

तो रोग थाप नाही. देवीच्या कुळातला विषाणू आहे. करडी तो बाळगते आणि सहसा तिला काही होत नाही. लाल खारीच्या मात्र डोळ्यांभोवती, तोंडाला, पंजांना खपल्या धरतात, डोळे चिकटतात, खाणं सुटतं आणि साधारण दोन आठवड्यांत ती मरते. वापरता येईल अशी लस नाही. २००८ मध्ये वायव्य इंग्लंडातल्या फॉर्म्बीच्या पाइनच्या रानात साथ आली आणि बहुतेक सगळ्या लाल खारी गेल्या. उरलेल्यांतून ती वस्ती पुन्हा उभी राहिली, हे खरं, पण त्याला वर्षं लागली.

‘मारून उपयोग होत नाही’ म्हणणाऱ्यांनी वेल्सचं अँग्लसी बेट बघावं. १९९८ मध्ये तिथं लाल खारी चाळीसच्या आसपास उरल्या होत्या. पिंजरे लावणं सलग चालू राहिलं, २०१३ पर्यंत बेट करड्यांपासून मोकळं झालं, आणि आज लाल सातशेच्या घरात आहेत. करड्या घटत गेल्या तशी उरलेल्या करड्यांच्या रक्तातली विषाणूची खूणही झपाट्यानं घटली. मध्ये थांबलं की मात्र शेजारच्या रानातून नव्या येतात. अँग्लसीला मेनाय सामुद्रधुनीचा आडोसा आणि ओलांडायला दोनच पूल. कंब्रियात तो आडोसा नाही, म्हणून तिथं हे काम कायमचं.

पिंजरा म्हणजे आणला आणि ठेवला असं नसतं. आधी काही दिवस दार तारेनं उघडं बांधून आत मका टाकायचा, खार सरावली की मगच सापळा चालू करायचा. वर झाकण हवं, नाहीतर पावसात अडकलेला जीव गारठून मरतो. लाल खारींच्या भागात दिवसातून निदान दोनदा बघायचं. लाल सापडली तर तिथल्या तिथे सोडायची, पिंजरा जंतुनाशकानं धुवायचा. पिलांच्या दिवसांत आई तासन्‌तास अडकली तर घरट्यातली पिल्लं उपाशी मरतात. करडी सापडली की तिला झटपट, वेदना न होता मारणं ही तुमची जबाबदारी. बादलीत बुडवणं हाही गुन्हा. हे जमणार नसेल तर पिंजरा आणू नका, लाल खारींसाठी काम करणाऱ्या स्थानिक गटाला कळवा.

शेंगदाण्यांची वाटी तर उचलाच. शेंगदाण्यात कॅल्शियम कमी, त्यावरच जगणाऱ्या लाल खारीची हाडं ठिसूळ होतात. कवचासकट हेझलनट, सूर्यफुलाच्या बिया, गाजराचा तुकडा, आणि पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेन. उघड्या वाटीऐवजी झाकण उचलून खायची लाकडी पेटी, आणि ती दर आठवड्याला जंतुनाशकानं पुसायची. जवळपास खपल्या धरलेली खार दिसली तर पेटी त्याच दिवशी काढायची, कारण सगळ्यांची तोंडं तिथंच लागतात.

फॉरवर्डमधलं एक वाक्य मात्र मान्य करावं लागेल: इंग्रजांनी लाल खारीही मारल्या. स्कॉटलंडमध्ये १९०३ मध्ये लाल खार झाडांची साल खाते म्हणून तिच्या शिकारीसाठी खास क्लब निघाला, आणि त्यानं हजारोंनी मारल्या. पाइन मार्टेन (मुंगसासारखा, झाडावर चढणारा शिकारी प्राणी) आणा, तोच करड्या खाईल, हेही अर्धं खरं. आयर्लंडच्या मध्य भागात मार्टेन वाढले तशा करड्या घटल्या आणि लाल परतल्या. पण मार्टेनला रान लागतं. घरामागच्या अंगणातल्या करडीकडे तो फिरकत नाही, आणि मावशीच्या वाटीवर येते ती नेमकी तीच.