रडू आलं म्हणजे भूमिका सापडली का?

भाऊ, रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कीच्या अभिनयपद्धतीवरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘स्तानिस्लावस्कीचं शास्त्र आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत कशाला? इथं रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो, तालमी दोन-तीन, बाकी प्रॉम्प्टर सांभाळतो. आवाज शेवटच्या म्हातारीपर्यंत गेला पाहिजे,’ असं तुम्ही लिहिलंत. त्यातलं अर्धं मला पटलं.

दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, आमच्या नाट्यमंडळाची तालीम मी घेत होतो. धान हातचं गेलेल्या बापाचं काम एका विशीतल्या पोराकडे होतं. त्याला म्हटलं, तुझा आजा गेला तो दिवस आठव. पोरगं ढसाढसा रडलं. दुसऱ्या दिवशी तेच आठवून डोळ्यांत टिपूस नाही. तिसऱ्या दिवशी गळा असा दाटला की वाक्यच कळेना. त्याच्या दुःखाला मी उगाच हात घातला, हे अजून सलतं.

मग त्याला काम दिलं : रिकामी पोती झटकायची, मोजायची, घडी घालून ठेवायची आणि हे करता करताच बोलायचं. चौथ्या पोत्याला हात आपोआप मंदावले. वाक्य तिथंच आलं, खणखणीत आलं. मंडईच्या रात्री मागच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. दुःख बोलावून येत नाही. पोतं मात्र रोज हाताशी असतं.

हेही स्तानिस्लावस्कीचंच. उत्तरायुष्यात ते शारीरिक कृतीकडे वळले. १९३४ साली पॅरिसला त्यांच्याकडे शिकून आलेल्या अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलरनं न्यूयॉर्कमध्ये दिग्दर्शक ली स्ट्रासबर्गच्या भावस्मृतीवरच्या, म्हणजे स्वतःचा जुना प्रसंग आठवून भावना आणण्यावरच्या, भराला उघड विरोध केला. तिचा जोर नाटकातल्या परिस्थितीवर आणि कल्पनाशक्तीवर. मागच्या लेखात मी स्ट्रासबर्गची वाट हीच स्तानिस्लावस्कीची सगळी पद्धत म्हणून मांडली. ती चूक माझी.

पण ‘प्रॉम्प्टर असला की तालीम कशाला’ हे मान्य नाही. नटाचा कान विंगेत अडकला की समोरचा नट त्याच्यासाठी उरतच नाही. अमेरिकन अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइझनरचा एक सराव आहे : दोघांनी समोरासमोर बसून एकच वाक्य एकमेकांना परत परत म्हणायचं, आणि समोरच्याचा चेहरा बदलला की आपलंही म्हणणं बदलू द्यायचं. दोनच तालमी असतील तरी यातली दहा मिनिटं काढाच. वाक्य प्रॉम्प्टर देईल, पण ते कोणाला सांगायचं हे त्याला देता येत नाही.

तुम्ही इतकी वर्षं रंगमंचावर उभे आहात. विंगेतलं वाक्य कानावर घेताना नजर समोरच्या नटावर कशी ठेवता, ते सविस्तर लिहा. आमच्या पोरांना मी ते वाचून दाखवीन.